लग्न न झालेल्या आईवडिलांचे मूल: कायद्यासमोर पालकत्व कसे सिद्ध करायचे

जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव आले की सगळे मिटले, असे बहुतेकांना वाटते. भारतात तसे होत नाही. आईचे नाते प्रसूतीबरोबरच कायद्याने पक्के होते, त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. वडिलांचे नाते मात्र चार वेगवेगळ्या ठिकाणी उभे करावे लागते: जन्मनोंद, पोटगी, पालकत्व (मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार) आणि वारसा. चारही ठिकाणचे कायदे वेगळे आहेत. एका ठिकाणचा कागद दुसरीकडे पुरावा म्हणून उपयोगी पडतो, निकाल म्हणून नाही. 'हा माझा मुलगा' असे एका अर्जावर लिहून सही केली की सगळे हक्क आपोआप मिळाले, अशी सोय गोव्याबाहेर नाही. त्यामुळे 'आता कोणता कागद करू?' याच्या आधी 'हा कागद कशासाठी लागणार आहे?' हे ठरवावे.

खाली मुख्यतः महाराष्ट्रातली आणि हिंदू कायद्याखालची पद्धत दिली आहे. मुस्लिम कायदा, गोवा आणि परदेश यांबद्दल शेवटी वेगळे लिहिले आहे.

बाळ अजून जन्मायचे असेल तर

दोघेही अविवाहित असतील आणि लग्न करायचेच असेल तर ते प्रसूतीच्या आधी करा. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११६ (जुन्या पुरावा कायद्यातले कलम ११२) बघते ते मूल कधी जन्मले, गर्भ कधी राहिला हे नाही. वैध लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर २८० दिवसांच्या आत आणि आईने दुसरे लग्न केलेले नसताना जन्मलेले मूल औरस, म्हणजे कायद्याने वैध, धरले जाते. म्हणजे लग्न प्रसूतीच्या आठवडाभर आधी झाले तरी मूल औरस.

घाईत चूक होते ती नोंदणी पद्धतीच्या लग्नात. विशेष विवाह कायद्याखाली दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागते, आणि नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस थांबावे लागते. सातव्या महिन्यात नोटीस दिली तर निभते, नवव्यात दिली तर बाळ आधी येते. दोघे हिंदू असतील तर विधिपूर्वक लग्न आधी करून मग विवाह निबंधकाकडे नोंदणी करता येते. तिथे नोटिशीचा महिना लागत नाही.

बाळ झाल्यावर लग्न केले तर आधीचे मूल आपोआप औरस होते, हा समज चुकीचा आहे. हिंदू कायद्यात तशी सर्वसाधारण तरतूदच नाही. विशेष विवाह कायद्याच्या कलम १८ चा आधार मिळतो तो आधी लग्नविधी झालेला असेल आणि नंतर त्या लग्नाची या कायद्याखाली नोंदणी केली असेल तेव्हाच. विधीच्या तारखेनंतर जन्मलेली मुले मग औरस धरली जातात आणि त्यांची नावे विवाह प्रमाणपत्र पुस्तकात लिहिली जातात.

दोन अडचणी आधीच तपासा. पहिली, आईचे दुसऱ्या कुणाशी लग्न झालेले असून घटस्फोट पूर्ण झालेला नाही. अशा वेळी कायदा त्या नवऱ्यालाच बाप मानतो. ते गृहीतक मोडायला 'त्या काळात दोघांचा संबंध येणे शक्यच नव्हते' हे सिद्ध करावे लागते. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले: गृहीतक मोडल्याशिवाय तिसऱ्या माणसाला डीएनए चाचणीला उभे करता येत नाही. दुसरी अडचण, पुरुष आधीच विवाहित आहे. त्याने दुसरे लग्न केले तर ते रद्दबातल आणि वर गुन्हा. पण अशा रद्दबातल लग्नाचे मूल हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळे औरस ठरते, आणि लग्नविधीच न करता प्रामाणिकपणे एकत्र राहिलेल्या जोडप्याचे मूल ठरत नाही. कायद्यातली ही विसंगती मुलांवर अन्याय करणारी आहे, पण ती आहे.

हॉस्पिटलातला फॉर्म: इथेच पुढची निम्मी भांडणे जन्माला येतात

नाव नोंदवताना कारकून सवयीने 'सौ.' लिहितो, आईच्या मधल्या नावात त्या पुरुषाचे नाव घालतो आणि आडनावही त्याचेच लावतो. संकोचामुळे कुणी दुरुस्त करत नाही. तेच नाव डिस्चार्ज कार्डावर जाते, तिथून जन्म अहवालात आणि शेवटी दाखल्यावर. आधारवर मात्र आईचे नाव माहेरचे. पुढे शाळा, पासपोर्ट, बँक सगळीकडे 'ही आई तीच कशावरून?' हा प्रश्न उभा राहतो. म्हणून पहिल्या तपासणीपासून आईचे नाव आधारवर आहे तसेच, अक्षर न् अक्षर, लिहायला लावा. डिस्चार्जच्या आधी जन्म अहवालाचा नमुना १ स्वतः वाचा आणि फोटो काढून ठेवा. लग्न झाले नसताना झाल्याचे लिहून देऊ नका. नोंदणीत जाणूनबुजून खोटी माहिती देणे जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दंडनीय आहे.

वडील कबूल करणारे असतील तर त्यांनी हॉस्पिटलच्या कागदांवर 'बाळाचे वडील' म्हणूनच सही करावी, सिझेरियनच्या संमतीपत्रावरसुद्धा. नातेवाईक म्हणून मोघम सही नको. त्या काळचा, वाद नसताना केलेला असा कागद पुढे कोर्टात फार वजनदार ठरतो.

जन्मनोंद

नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, तुम्ही राहता तिथे नाही. महापालिकेत प्रभाग कार्यालयात, नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत. दवाखान्यात जन्म झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची. २०२३ च्या दुरुस्तीने अविवाहित आई किंवा एकल पालक स्वतः माहिती देऊ शकते, हे कायद्यातच लिहिले गेले.

मुदती अशा: २१ दिवसांपर्यंत नियमित नोंद. २१ ते ३० दिवस विलंब शुल्क. ३० दिवसांपुढे वर्षापर्यंत सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटल्यावर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश. महाराष्ट्रात २०२५ पासून या शेवटच्या टप्प्याची छाननी खूप कडक झाली आहे, त्यामुळे वर्ष उलटू देऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदार यादी, पासपोर्ट, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे.

मुलाचे नाव ठरले नसेल तर नोंद थांबवू नका. नाव १२ महिन्यांत फुकट आणि पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते.

आता वडिलांच्या रकान्याचे. इथे दोनच मार्ग आहेत.

पहिला, वडिलांचे नाव न देता नोंद. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी दिल्लीच्या प्रकरणात आदेश दिला, की अविवाहित आईने आपल्या पोटच्या मुलाच्या दाखल्यासाठी अर्ज केला तर फक्त तसे प्रतिज्ञापत्र मागावे आणि दाखला द्यावा. वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. प्रतिज्ञापत्रात एवढेच हवे: आईचे आधारप्रमाणे नाव, वय, पत्ता; प्रसूतीची तारीख, वेळ, दवाखाना; मूल माझ्या पोटी जन्मले; मी एकल पालक आहे; वडिलांचा रकाना रिकामा ठेवावा. 'वडील बेपत्ता', 'फसवून सोडून गेले', 'माहीत नाही' असली कारणे लिहू नका. पुढे पोटगीसाठी त्याच माणसावर अर्ज करायची वेळ आली, तर हेच 'माहीत नाही' त्याचा वकील तुमच्यासमोर धरतो. खिडकीवर नकार मिळाला तर तोंडी वाद घालत बसू नका. अर्ज आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या आणि नकार लेखी मागा. लेखी मागितल्यावर बरेचदा अर्ज पुढे सरकतो, आणि नाही सरकला तरी जिल्हा निबंधकाकडे किंवा उच्च न्यायालयात जायला तो शिक्का लागतोच.

दुसरा मार्ग, दोघांच्या संमतीने वडिलांचे नाव. लग्नाचा दाखला नसल्याने कार्यालय दोघांचे संयुक्त प्रतिज्ञापत्र, दोघांची ओळखपत्रे आणि दोघांच्या सह्या मागते. आईने एकटीने सांगितले म्हणून पुरुषाचे नाव चढत नाही, तसेच पुरुषाने एकट्याने मागून उपयोग नाही. दोघे एकत्र जा.

नंतर नाव घालायचे असेल तर ती जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ ची दुरुस्ती. मूळ नोंद खोडली जात नाही, समासात नवी नोंद होते. त्यासाठी वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदन लागते. वडील नाकारत असतील तर निबंधक काही करू शकत नाही, कोर्टाचा आदेशच लागतो. उलट दिशेने, एकदा खरे म्हणून चढलेले नाव दोघांचे बिनसल्यावर काढून टाकणे जवळजवळ अशक्य असते. नाव घालण्याचा निर्णय शांतपणे घ्या.

वडील कबूल आहेत: मग दोन कागद आजच करा

पहिला कागद कबुलीनाम्याचा. महाराष्ट्रात ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीसमोर. त्यात मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मनोंदणी क्रमांक, आईचे नाव, दोघे कधीपासून कुठे एकत्र राहतात आणि 'हे मूल माझ्यापासून झाले आहे' हे स्पष्ट वाक्य. सोबत दोघांचे आणि मुलाचे फोटो. याने मूल औरस होत नाही. याचा उपयोग पुराव्याचा, विशेषतः त्या माणसाच्या मृत्यूनंतर.

दुसरा कागद मृत्युपत्र, आणि माझ्या मते तोच जास्त निकडीचा. हिंदू उत्तराधिकार कायद्यात विवाहबाह्य मूल आईशी आणि तिच्या इतर विवाहबाह्य मुलांशी नात्याचे धरले जाते. वडिलांच्या बाजूला हा दरवाजा बंद आहे. दाखल्यावर नाव आहे, शाळेत नाव आहे, सगळ्या गावाला माहीत आहे, आणि तरी वडील मृत्युपत्र न करता गेले तर पुतण्या वारस ठरतो व मूल बाहेर राहते. हे टाळायला साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर केलेले मृत्युपत्र पुरते. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, पण दुय्यम निबंधकाकडे ती करावीच. साक्षीदार लाभार्थी नसावेत. 'माझ्या मुलाला' एवढेच लिहू नका; मुलाचे नाव, जन्मतारीख, दाखला क्रमांक, आईचे नाव लिहा, म्हणजे 'तो मुलगा कायद्याने मुलगाच नाही' हा वाद उरत नाही. मूल अज्ञान (१८ वर्षांखालचे) असेल तर मालमत्ता कोण सांभाळेल तेही लिहा. स्वकष्टार्जित मालमत्तेबरोबर एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्साही मृत्युपत्राने देता येतो. बँकेत किंवा सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावले म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी रक्कम ताब्यात घेणारा असतो, मालक नसतो.

मृत्युपत्र नसेलच, तर दोन वाटा उरतात. आईवडील वर्षानुवर्षे नवराबायको म्हणून राहिले असतील तर कोर्ट लग्न झाल्याचे गृहीत धरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये केरळच्या एका प्रकरणात असे गृहीत धरून मुलाच्या शाखेला कौटुंबिक मालमत्तेत वाटा दिला. त्यासाठी एकाच पत्त्याचे रेशनकार्ड, मतदार यादी, भाडेकरार, विमा आणि जुने फोटो लागतात. लग्नविधी झाला होता पण लग्न रद्दबातल होते, तर १ सप्टेंबर २०२३ च्या निकालानुसार मुलाला आईवडिलांच्या मालमत्तेत वाटा आहे. वडिलांना काल्पनिक वाटणीत (मृत्यूच्या लगेच आधी वाटणी झाली असे मानून) एकत्र कुटुंबातला जो हिस्सा मिळाला असता त्यातही आहे. पण चुलते-आजोबांच्या हिश्श्यात थेट हक्क नाही.

वडील नाकारतात तेव्हा

सुरुवात पोटगीपासून करा, 'बाप ठरवा' या दाव्यापासून नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम १२५) अज्ञान मुलाला औरस-अनौरस न बघता पोटगी देते, धर्म कुठलाही असो. मोठ्या शहरांत कौटुंबिक न्यायालयात, इतरत्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तो माणूस राहतो तिथे किंवा आईसोबत शेवटचा राहत होता तिथेही तो करता येतो. अंतरिम पोटगीचा अर्ज त्याच दिवशी जोडा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असे कायदा म्हणतो. मालमत्ता व उत्पन्नाचे शपथपत्र दोन्ही बाजूंनी द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिले. थकलेल्या रकमेचा वसुली अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करा, नंतर तो मार्ग बंद होतो. महिला आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उत्पन्न न बघता फुकट मिळतो, दूरध्वनी १५१००.

पुरावा म्हणून काय लागते? पैसे पाठवल्याच्या नोंदी, दवाखान्यातल्या सह्या, लसीकरण कार्ड, एकत्र राहिल्याचे करार, शेजारी आणि संदेश. संदेशांचे नुसते स्क्रीनशॉट छापून दिले की समोरचा लगेच हरकत घेतो. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र, त्यातल्या दोन्ही भागांसह, जोडावे लागते. संदेश ज्या फोनवर आहेत तो विकू नका, रीसेट करू नका.

डीएनए चाचणी मागितली की मिळतेच असे नाही. १९९३ पासून न्यायालये सांगत आली आहेत की ती उठसूट देता येत नाही, आधी प्रथमदर्शनी पुरावा दिसला पाहिजे. म्हणून चाचणीचा अर्ज पहिल्याच तारखेला न देता वरचा पुरावा नोंदवल्यावर द्या. आदेश होऊनही माणूस आला नाही तर कोर्ट त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांच्याविरुद्ध रोहित शेखर यांनी २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. तिवारींचे रक्त घेता आले ते मे २०१२ मध्ये, जुलैत अहवाल उघड झाला आणि ते जैविक पिता असल्याचे निघाले. चार वर्षे निव्वळ नमुन्यासाठी गेली, हे लक्षात ठेवा.

ऑनलाइन किट मागवून घरी केलेली चाचणी कोर्टात टिकत नाही, कारण नमुना कुणाचा हेच सिद्ध होत नाही. कोर्टाच्या आदेशाने नमुना घेताना तिघांची ओळख पटवतात, फोटो आणि अंगठे घेतात, नळीवर सही-शिक्का होतो आणि ती सीलबंद कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी जाते. सील लावताना स्वतः हजर राहा, नळीवरचे नाव वाचा. अलीकडे रक्त चढवले असेल किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले असेल तर आधी सांगा, नमुन्यात दात्याचे डीएनए येऊ शकते. संशयित पिता हयात नसेल तर त्याच्या आईवडिलांचे किंवा भावंडांचे नमुने चालतात. मुलगा असेल तर वाय गुणसूत्राची चाचणीही होते, पण ती फक्त घराणे सांगते: काका आणि वडील तिच्यात सारखेच दिसतात.

पोटगीच्या प्रकरणात कोर्टाने बाप ठरवला तरी तो निष्कर्ष पोटगीपुरता. जन्मनोंद बदलायची किंवा मालमत्तेचा प्रश्न असेल तर नात्याची घोषणा मागणारा वेगळा दावा लावावा लागतो. कौटुंबिक न्यायालय असलेल्या जिल्ह्यात आधी तिथे विचारा, नाहीतर दिवाणी न्यायालय.

पालकत्व, पासपोर्ट, जात

हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या कलम ६ नुसार अशा मुलाची नैसर्गिक पालक आई. वडिलांचा क्रमांक तिच्यानंतर. दाखल्यावर नाव असलेल्या वडिलांनाही हे माहीत नसते आणि बँकेत अडते. आई मृत्युपत्राने मुलासाठी पालक नेमू शकते, आणि तिने तो नेमावा. कोर्टाकडून पालक म्हणून नेमून घ्यायचे असल्यास २०१५ च्या त्याच निकालामुळे आईला मुलाच्या वडिलांना नोटीस देण्याची गरज उरलेली नाही.

पासपोर्टच्या अर्जात डिसेंबर २०१६ पासून एकाच पालकाचे नाव पुरते. पॅनसाठी आई एकल पालक असेल तर डिसेंबर २०१८ पासून वडिलांचे नाव सक्तीचे नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आहे.

जातीच्या दाखल्याला सर्वात जास्त चपला झिजतात. कार्यालय वडिलांकडचा पुरावा मागते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंतरजातीय लग्नाच्या प्रकरणात म्हटले, की वडिलांची जात हे केवळ गृहीतक आहे. मूल अनुसूचित जाती-जमातीच्या आईकडे, त्या समाजात वाढले असेल तर ते खोडता येते. त्यामुळे आईचे जात वैधता प्रमाणपत्र, आजोळच्या शाळा सोडल्याच्या जुन्या नोंदी आणि मूल आजोळीच वाढले याचा स्थानिक चौकशी अहवाल एकत्र जोडा.

मुस्लिम कायदा, गोवा, परदेश

मुस्लिम कायद्यात विवाहबाह्य मूल हनफी या सुन्नी पंथाच्या मतानुसार आईचे वारस असते, वडिलांचे नाही. वडिलांची कबुली ग्राह्य धरली जाते ती आईवडिलांचे लग्न झालेले असणे शक्य असेल तेव्हाच. पोटगी मात्र कलम १४४ खाली मिळते.

गोव्यात चित्र वेगळे आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यात 'परफिल्हासांव', म्हणजे मुलाचा रीतसर स्वीकार, ही खरी कायदेशीर क्रिया आहे. ती जन्मनोंदीत, मृत्युपत्रात किंवा नोटरीच्या सार्वजनिक दस्तात होते, आणि स्वीकारलेल्या मुलाला वारसाहक्क मिळतो. आईवडिलांनी नंतर लग्न केल्यावर मूल औरस होण्याची सोयही तिथे आहे. गोव्याचे मूळ असलेल्यांनी साधा कबुलीनामा न करता हीच नोंद करावी.

इंग्लंड-वेल्समध्ये १ डिसेंबर २००३ पासून अविवाहित वडिलांनी आईसोबत जन्मनोंदीत नाव घातले तर त्यांना पालकत्वाची जबाबदारी मिळते. अमेरिकेत दवाखान्यातच पितृत्वाच्या स्वेच्छा कबुलीचा फॉर्म देतात. सही मागे घ्यायला ६० दिवस असतात, त्यानंतर ती कोर्टाच्या निकालासारखी बांधते. पण ते कागद भारतातल्या जमिनीचा वारसा ठरवत नाहीत, त्यासाठी मृत्युपत्र इथलेच लागते. आणि मुलाला भारतीय नागरिक ठेवायचे असेल तर जन्मापासून वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करून, मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे लिहून द्यावे लागते.